स्ट्रेन वेव्ह गिअर: रचना, निवड आणि डिझाइन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोबोटच्या सांध्यांत, सीएनसी यंत्रांच्या फिरत्या टेबलांत आणि अंतराळयानांच्या यंत्रणांत वापरला जाणारा हा गिअर 'हार्मोनिक ड्राइव्ह' या व्यापारी नावानेही ओळखला जातो. पुढील उत्तरे अशा वाचकांसाठी आहेत, ज्यांना साध्या दंतचक्रांची ओळख आहे आणि आता हा गिअर निवडायचा आहे किंवा स्वतः तयार करून पाहायचा आहे.

हा गिअर नेमका चालतो कसा?

याचे मुख्य भाग तीनच असतात. सर्वांत बाहेर एक जाड, न वाकणारे कडे असते आणि त्याच्या आतल्या बाजूला दाते असतात. ही सर्क्युलर स्प्लाइन. तिच्या आत पातळ भिंतीचा, पेल्याच्या आकाराचा पोलादी भाग बसतो आणि त्याच्या तोंडाशी बाहेरच्या बाजूने दाते असतात; ही फ्लेक्सस्प्लाइन. तिच्याही आत लंबगोल कॅम असतो आणि त्यावर पातळ कड्यांचे, कॅमप्रमाणे आकार घेणारे बॉल बेअरिंग चढवलेले असते. हा वेव्ह जनरेटर. मोटर साधारणपणे वेव्ह जनरेटरला जोडतात आणि आउटपुट फ्लेक्सस्प्लाइनच्या तळाकडून घेतात.

वेव्ह जनरेटर आत बसवला की फ्लेक्सस्प्लाइनचे तोंड लंबगोल होते. लांब अक्षाच्या दोन्ही टोकांना तिचे दाते बाहेरच्या कड्यात पूर्ण शिरतात आणि आखूड अक्षापाशी ते पूर्णपणे सुटलेले असतात. कॅम फिरू लागला की हा लंबगोल फिरतो. मात्र मधल्या बेअरिंगमुळे फ्लेक्सस्प्लाइन स्वतः कॅमबरोबर ओढली जात नाही, तिच्यातून फक्त आकाराची लाट पुढे सरकते. फ्लेक्सस्प्लाइनवर कड्यापेक्षा दोन दाते कमी असल्यामुळे कॅमचा एक पूर्ण फेरा झाल्यावर ती कड्याच्या तुलनेत दोन दात्यांइतकी उलट दिशेने सरकलेली असते. मोटरच्या संपूर्ण फेऱ्याचे फलित एवढेच, आणि मोठे रिडक्शन (वेगातली घट) मिळते ते यातूनच.

गुणोत्तर कसे काढायचे?

सर्क्युलर स्प्लाइन स्थिर ठेवली, तर फ्लेक्सस्प्लाइनच्या दात्यांच्या संख्येला दोन्हींमधील फरकाने भागावे. २०० आणि २०२ दाते असतील, तर २०० भागिले २ म्हणजे १०० हे गुणोत्तर येते आणि आउटपुट मोटरच्या उलट दिशेने फिरते. फ्लेक्सस्प्लाइन जखडून कड्यावरून आउटपुट घेतले, तर २०२ भागिले २ म्हणजे १०१ येते आणि दिशा मोटरचीच राहते. हा एका आकड्याचा फरक किरकोळ वाटतो, पण कंट्रोलरमध्ये १०१ च्या जागी १०० भरले तर आउटपुटच्या प्रत्येक फेऱ्यामागे साडेतीन अंशांहून अधिक चूक साचत जाते. गिअर कोणत्या पद्धतीने बसवला आहे, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.

दात्यांचा फरक दोनच का असतो?

लंबगोलाला दोन टोके असतात, म्हणून लाटाही दोन असतात. दोन्ही टोकांना दाते एकाच वेळी नीट बसायचे असतील, तर फरक लाटांच्या संख्येच्या पटीत असावा लागतो. तीन उंचवट्यांचा कॅम केला तर फरक तीनचा ठेवावा लागेल; पण त्यात भिंत अधिक तीव्रतेने वाकते, म्हणून प्रत्यक्षात दोन लाटांचीच रचना रूढ झाली.

हा शोध कोणाचा?

अमेरिकन संशोधक सी. वॉल्टन मसर यांचा. त्यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९५९ मध्ये मंजूर झाले. त्या काळी त्यांचे काम युनायटेड शू मशिनरी या कंपनीशी निगडित होते. यंत्रातले भाग शक्य तितके न वाकणारे असावेत, ही तोवरची धारणा होती आणि मसर यांनी वाकण्यालाच गती देण्याचे साधन बनवले. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतून चंद्रावर गेलेल्या गाडीच्या प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर होती आणि तिला ८० गुणोत्तराचा असाच गिअर जोडलेला होता.

फ्लेक्सस्प्लाइनची भिंत किती जाड ठेवावी?

या गिअरच्या डिझाइनमधला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि बाकी बहुतेक निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून राहतात. एक उदाहरण अंकांत मांडू. पिच व्यास ५० मिमी आणि फ्लेक्सस्प्लाइनवर २०० दाते असतील तर मोड्यूल (पिच व्यास भागिले दात्यांची संख्या) ०.२५ मिमी येतो. दोन दात्यांच्या फरकासाठी भिंत त्रिज्येच्या दिशेने साधारण एका मोड्यूलइतकी सरकावी लागते, म्हणजे लांब अक्षापाशी पाव मिलिमीटर बाहेर आणि आखूड अक्षापाशी पाव मिलिमीटर आत. लांब आणि आखूड व्यासांत त्यामुळे सुमारे १ मिमीचा फरक पडतो.

पातळ कड्याच्या सिद्धान्तानुसार वाकण्यामुळे येणारा कमाल ताण असा काढता येतो: यंगचा गुणांक (पदार्थाच्या ताठरपणाचे माप) गुणिले भिंतीची जाडी गुणिले त्रिज्येतील सरकणे, या गुणाकाराची दीडपट, भागिले त्रिज्येचा वर्ग. पोलादासाठी यंगचा गुणांक २,०५,००० मेगापास्कल आणि जाडी ०.४ मिमी धरली, तर २५ मिमी त्रिज्येवर हा ताण सुमारे ४९ मेगापास्कल येतो. हा ताण टॉर्क शून्य असतानाही असतो, कारण तो केवळ आकार बदलल्यामुळे निर्माण होतो.

आता टॉर्क पाहू. त्याच भिंतीतून ६० न्यूटन-मीटर टॉर्क जात असेल, तर पातळ नळीच्या सूत्राने कातरताण सुमारे ३८ मेगापास्कल होतो. तो कमी करावा म्हणून जाडी ०.८ मिमी केली, तर कातरताण १९ वर उतरतो खरा, पण वाकण्याचा ताण ९८ वर चढतो. टॉर्कसाठी भिंत जाड हवी आणि वाकण्यासाठी पातळ हवी. एकाला दिलेले दुसऱ्याकडून वसूल होते. त्यातच दात्यांच्या बुडाशी ताण एकवटतो, म्हणून तेथील प्रत्यक्ष आकडा या साध्या हिशेबापेक्षा बराच जास्त असतो. भिंत फार पातळ केली तर फटीगच्या (वारंवार येणाऱ्या ताणाने धातू थकून तडकण्याच्या) आधीच पेला पिळून चुरगळण्याचा धोका उभा राहतो. त्यामुळे चांगल्या डिझाइनमध्ये दात्यांखालची भिंत, मधली नळी आणि तळ यांची जाडी वेगवेगळी ठेवतात आणि एका जाडीतून दुसरीत जाताना सौम्य वक्र देतात.

फटीगचा विचार इतका का करायचा?

वेव्ह जनरेटरच्या एका फेऱ्यात भिंतीचा प्रत्येक बिंदू दोनदा बाहेर आणि दोनदा आत जातो. मोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६००० ताणचक्रे होतात आणि एक कोटी चक्रे २८ तासांत पूर्ण होतात. म्हणजे सलग चालणाऱ्या यंत्रात दुसऱ्या दिवशीच हा भाग त्या टप्प्यापलीकडे गेलेला असतो, जेथे पोलादाची सहनशक्ती 'आयुष्यभरासाठी' मोजली जाते. 'काही वर्षे चालेल इतकी फटीग मर्यादा' असा मधला मार्ग येथे उपलब्ध नाही. ताण सहनशक्तीच्या मर्यादेखाली ठेवणे हाच एक मार्ग उरतो. पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा किंवा कटरची खूणसुद्धा या मर्यादेला मोठा धक्का देते.

३० पेक्षा कमी गुणोत्तराचे गिअर सहसा का मिळत नाहीत?

वरच्या सूत्रातच याचे उत्तर आहे. भिंतीचे सरकणे म्हणजे त्रिज्या भागिले गुणोत्तर. गुणोत्तर १०० ऐवजी ५० केले की सरकणे दुप्पट आणि वाकण्याचा ताणही दुप्पट. आपल्या उदाहरणात तो ९८ मेगापास्कल होईल आणि ३० गुणोत्तराला सुमारे १६४ मेगापास्कल. दात्यांच्या बुडाशी एकवटणारा ताण आणि टॉर्कचा ताण त्यात मिळवला, की पोलादाकडे फारशी शिल्लक उरत नाही. उलट दिशेने पाहिले तर १६० गुणोत्तरासाठी ३२० दाते लागतात आणि त्याच व्यासात मोड्यूल जेमतेम ०.१६ मिमी राहतो. वाकण्याचा ताण सुखाचा होतो, पण दाते इतके बुटके होतात की जादा टॉर्कखाली ते एकमेकांवरून उडी मारण्याची शक्यता वाढते. निवडीला मोकळीक असेल तर ८० ते १२० हा पट्टा मला सर्वांत निर्धोक वाटतो.

दात्यांचा आकार नेहमीचा इन्व्होल्यूट चालतो का?

चालतो, आणि स्वतः बनवण्याच्या पहिल्या प्रयोगासाठी तो पुरेसाही आहे. मात्र दात्यांची उंची कमी ठेवावी लागते, नाहीतर शिरताना आणि सुटताना टोके एकमेकांना घासतात. व्यावसायिक गिअरांत दात्याच्या प्रत्यक्ष मार्गावरून काढलेला आकार वापरतात. त्यामुळे एका वेळी भार घेणाऱ्या दात्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाते आणि दात्यांचे बूड अधिक रुंद, गोलसर ठेवता येते.

एक बाब नवख्यांकडून हमखास सुटते. पेल्याचे तोंड लंबगोल झाले तरी तळ गोलच राहतो, म्हणून दाते अक्षाला समांतर राहत नाहीत. लांब अक्षापाशी ते बाहेर कलतात आणि आखूड अक्षापाशी आत. पेला जितका बुटका, तितका हा कल अधिक. दात्यांच्या रुंदीवर भार एकाच टोकाला येऊ नये म्हणून दाते लांबीच्या दिशेनेही किंचित उतरते करावे लागतात. संगणकावर केवळ सपाट छेद काढून केलेले डिझाइन प्रत्यक्षात अडकते किंवा आवाज करते, ते बहुधा याच कारणामुळे.

साहित्य आणि निर्मिती कशी असते?

फ्लेक्सस्प्लाइनसाठी निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले मिश्र पोलाद, उदाहरणार्थ ४३४० या दर्जाचे, उष्णता प्रक्रिया करून वापरतात. कठीणपणा फार वाढवत नाहीत, कारण ठिसूळ भिंत पहिल्याच तड्याला पुढे पळू देते. दाते हॉबिंगने (फिरत्या, स्क्रूसारख्या कटरने) पाडतात आणि पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करून दाबताण निर्माण करतात, जेणेकरून तडा सुरूच होऊ नये. सर्क्युलर स्प्लाइन वाकत नसल्याने तिच्यासाठी पोलाद किंवा डक्टाइल ओतीव लोखंड चालते. एखादाच नमुना हवा असेल तर तिचे आतले दाते वायर कटिंगने (विद्युत ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) पाडणे सोयीचे.

गिअरचे आयुष्य कशावर ठरते?

नीट निवडलेल्या गिअरमध्ये पहिल्यांदा दाते झिजत नाहीत आणि फ्लेक्सस्प्लाइनही तुटत नाही. आधी थकते ते वेव्ह जनरेटरचे बेअरिंग. त्यामुळे कॅटलॉगमधले आयुष्य हे मुळात त्या बेअरिंगचे आयुष्य असते. ते सरासरी टॉर्कच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आणि सरासरी वेगाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. रेटेड टॉर्क आणि २००० आरपीएमला ७००० तास असे आयुष्य दिलेले असेल आणि प्रत्यक्ष सरासरी टॉर्क २० टक्क्यांनी कमी असेल, तर त्याच वेगाला ते सुमारे १३,७०० तासांवर जाते. टॉर्क थोडा कमी करण्याचा लाभ म्हणूनच इतका मोठा असतो.

सरासरी काढताना साधी सरासरी घेऊ नये. प्रत्येक टप्प्यातील टॉर्कचा घन त्या टप्प्यातील वेगाने आणि वेळेने गुणावा, त्यांची बेरीज करून एकूण वेग-वेळेने भागावे आणि मग घनमूळ घ्यावे.

कॅटलॉगमध्ये टॉर्कचे चार-चार आकडे का असतात?

कारण चार वेगवेगळे धोके आहेत. रेटेड टॉर्क बेअरिंगच्या आयुष्याच्या हिशेबासाठी असतो. सरासरी टॉर्कची मर्यादा ओलांडली तर गिअर तापतो आणि ग्रीस लवकर खराब होते. वेग वाढवताना आणि थांबताना वारंवार येणाऱ्या कमाल टॉर्कची मर्यादा फ्लेक्सस्प्लाइनच्या फटीगशी जोडलेली आहे. चौथा आकडा क्षणिक कमाल टॉर्कचा, जो टक्कर किंवा आणीबाणीच्या थांबण्यासाठी आहे आणि गिअरच्या संपूर्ण आयुष्यात मोजक्या वेळाच वापरायचा आहे. चौथ्या आकड्याकडे पाहून गिअर निवडणे ही सर्वांत महागात पडणारी घाई होय.

रोबोटच्या एका सांध्यासाठी निवड कशी करावी?

समजा, ०.६ मीटर लांबीची, ४ किलो वजनाची, सर्वत्र सारखी भुजा आहे आणि तिच्या टोकाला ५ किलोचा भार आहे. भुजा आडवी असताना केवळ वजनामुळे सांध्यावर सुमारे ४१ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. भुजा आणि भार यांचे मिळून जडत्व सुमारे २.२८ किलो-मीटर वर्ग आहे. सेकंदाला ८ रेडियन प्रति सेकंद असे त्वरण हवे असेल तर आणखी १८ न्यूटन-मीटर लागतात. नेहमीच्या कामातला कमाल टॉर्क झाला साधारण ६० न्यूटन-मीटर, आणि तो वारंवार येणाऱ्या टॉर्कच्या मर्यादेत पुरेशा अंतराने बसला पाहिजे.

गुणोत्तर १०० आणि कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास मोटरने सुमारे ०.८५ न्यूटन-मीटर द्यावे लागेल; मोटरच्या स्वतःच्या रोटरला वेग द्यायला लागणारा टॉर्क वेगळा, पण तो गिअरच्या दात्यांतून जात नाही. सांध्याचा कमाल वेग सेकंदाला २ रेडियन असेल तर मोटर सुमारे १९१० आरपीएमने फिरेल.

येथपर्यंतचा हिशेब बहुतेक जण करतात. पुढचा टप्पा मात्र आणीबाणीच्या थांबण्याचा आहे. मोटरच्या शाफ्टवरचा ब्रेक भुजेला पूर्ण वेगावरून ५० मिलिसेकंदांत थांबवत असेल, तर मंदन सेकंदाला ४० रेडियन प्रति सेकंद होते आणि भुजेच्या जडत्वापायी ९१ न्यूटन-मीटर टॉर्क गिअरमधून जातो. भुजा खाली येत असेल तर त्यात वजनाचे ४१ मिळवावे लागतात. एकूण १३२, म्हणजे नेहमीच्या कमाल टॉर्कच्या दुपटीहून अधिक. ब्रेक जितका ताकदवान, तितका तो सुरक्षित, असे समजून मोठा ब्रेक बसवणारे डिझायनर स्वतःच्याच गिअरवर घाव घालतात. आधी मोटरने नियंत्रितपणे वेग कमी करावा आणि ब्रेक शेवटी धरावा, ही रीत अधिक शहाणपणाची.

प्ले (दात्यांमधला मोकळा खेळ) जवळजवळ शून्य असतो, मग सांधा पूर्णपणे अचूक मानायचा का?

नाही. प्ले नसणे आणि ताठरपणा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या गिअरविषयीचे बहुतेक अपेक्षाभंग त्यांची गल्लत केल्याने होतात. दाते ताणाखाली एकमेकांत बसलेले असल्याने दिशा बदलताना मोकळा खेळ जाणवत नाही. पण टॉर्क आला की पातळ भिंत आणि बेअरिंग दोन्ही थोडी पिळली जातात. हा ताठरपणा एकसारखाही नसतो. कमी टॉर्कला गिअर मऊ असतो आणि टॉर्क वाढला की कडक होत जातो, म्हणून कॅटलॉगमध्ये त्याचे दोन किंवा तीन टप्पे दिलेले असतात.

वरच्या सांध्यासाठी २०,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन हा ताठरपणा धरू. ४१ न्यूटन-मीटर टॉर्कखाली गिअर सुमारे ०.००२ रेडियन, म्हणजे ७ कलांइतका (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पिळला जाईल आणि भुजेचे टोक १.२ मिमी खाली येईल. गिअरची स्वतःची कोनीय चूक एका कलेच्या आसपास असेल, तर तिचा टोकाशी परिणाम ०.१७ मिमीच आहे. मोटरवरच्या एन्कोडरला (फिरण्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरला) यातले काहीच दिसत नाही. त्यामुळे टोकाची अचूकता खरोखर हवी असेल, तर आउटपुटच्या बाजूला दुसरा एन्कोडर बसवणे, किंवा निदान ज्ञात भारानुसार पिळाची दुरुस्ती करणे, याला पर्याय नाही. या दोन एन्कोडरांमधील फरकावरून टॉर्कचा अंदाजही घेता येतो, हा वरचा लाभ.

ठराविक वेगालाच भुजा का थरथरते?

गिअरची गतीतली चूक वेव्ह जनरेटरच्या एका फेऱ्यात प्रामुख्याने दोनदा येते. दुसरीकडे, भुजा आणि गिअरचा पीळ मिळून एक स्प्रिंग-भार जोडी तयार होते. मोटरची बाजू जखडलेली धरली तर आपल्या उदाहरणात तिची नैसर्गिक वारंवारता सुमारे १५ हर्ट्झ येते. मोटर ४५० आरपीएमच्या आसपास फिरू लागली की गिअरची चूक सेकंदाला १५ वेळा धक्का देते आणि भुजा झोका घेऊ लागते. सांधा त्या वेळी सेकंदाला केवळ २७ अंशांनी फिरत असतो, म्हणून ही थरथर नेमकी सावकाश, काळजीपूर्वक करायच्या कामात आड येते. उपाय अनेक आहेत: त्या वेगावर रेंगाळू नये, भुजा हलकी करावी, एक आकार मोठा गिअर घ्यावा किंवा कंट्रोलरमध्ये त्या चुकीची उलट दुरुस्ती भरावी. केवळ कंट्रोलरचा गेन (चुकीला दिलेल्या प्रतिसादाचा जोर) कमी करून ही तक्रार क्वचितच मिटते.

कार्यक्षमता किती धरावी, आणि आउटपुट हाताने फिरवता येते का?

रेटेड टॉर्कजवळ, ग्रीस कोमट असताना ७० ते ८५ टक्के धरता येते. टॉर्क कमी असेल, वेग जास्त असेल किंवा थंडी असेल तर ती झपाट्याने घसरते, कारण बेअरिंग आणि ग्रीस यांचे घर्षण टॉर्क कमी झाला म्हणून कमी होत नाही. कॅटलॉगमधला कमाल आकडा घेऊन मोटर निवडली, तर गारठलेल्या सकाळी यंत्र हलायलाच तयार होत नाही.

आउटपुटकडून फिरवणे बहुतेक गिअरांत शक्य असते, पण सुरुवातीला बराच टॉर्क लावावा लागतो. त्यामुळे हा गिअर 'स्वतःहून अडून राहतो' असे गृहीत धरू नये. उभ्या भुजेला ब्रेक हवाच. आणि उलट, माणसाच्या हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा सांधाही केवळ यावर विसंबून करू नये.

पेला, टोपी आणि सपाट या प्रकारांत काय निवडावे?

पेल्याच्या प्रकारात आउटपुट तळाशी जोडले जाते आणि ताठरपणा चांगला मिळतो. टोपीच्या प्रकारात भिंत बाहेरच्या बाजूला दुमडून कडेला बोल्ट लावतात, त्यामुळे मधून मोठे भोक मिळते आणि रोबोटच्या वायरी त्यातून नेता येतात. सांध्यासाठी हा फायदा फार मोलाचा आहे. सपाट प्रकारात तळ नसतोच, फ्लेक्सस्प्लाइन म्हणजे नुसते कडे असते आणि ते दोन दृढ कड्यांत फिरते, ज्यांपैकी एकाच्या दात्यांची संख्या फ्लेक्सस्प्लाइनइतकीच असते. जागा अगदी अरुंद असेल तरच त्याकडे वळावे.

प्लॅनेटरी (मधल्या चक्राभोवती लहान चक्रे फिरणारा) किंवा सायक्लॉइडल (केंद्राबाहेर बसवलेल्या कॅमने डुलणाऱ्या चकत्यांचा) गिअर केव्हा बरा?

धक्के खूप आणि भार मोठा असेल, तर सायक्लॉइडल. मोठ्या औद्योगिक रोबोटांत बुडाकडच्या सांध्यांना बहुधा तोच प्रकार असतो आणि मनगटाकडे, जेथे वजन आणि जागा दोन्ही तोलून वापरायची असतात, तेथे स्ट्रेन वेव्ह. चालणाऱ्या, उड्या मारणाऱ्या पायांसाठी कमी गुणोत्तराचा प्लॅनेटरी योग्य, कारण मोटरचे जडत्व आउटपुटकडे गुणोत्तराच्या वर्गाने वाढून दिसते. १०० गुणोत्तराला ते दहा हजार पट होते आणि पाऊल आपटल्यावरचा सगळा धक्का दात्यांना सोसावा लागतो.

जोडणी करताना काय सांभाळावे?

आधी फ्लेक्सस्प्लाइन आणि सर्क्युलर स्प्लाइन एकमेकांत बसवावी आणि वेव्ह जनरेटर सर्वांत शेवटी, हळूहळू फिरवत आत सरकवावा. तो हातोडीने ठोकू नये. क्रम उलटा केला तर दाते एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असे वाकडे बसू शकतात. असा गिअर फिरतो, म्हणूनच फसवतो. पण हाताने सावकाश फिरवून पाहिल्यास एका फेऱ्यात जोर कमी-जास्त लागल्याचे बोटांना कळते. त्या अवस्थेत भार दिला तर फ्लेक्सस्प्लाइन लवकरच निकामी होते.

वेव्ह जनरेटरवर अक्षाच्या दिशेनेही बळ येते. गिअर रिडक्शनसाठी भार ढकलत असताना ते त्याला पेल्याच्या तळाकडे ओढते आणि भार रोखताना बाहेर ढकलते. म्हणून मोटरच्या शाफ्टवर तो दोन्ही दिशांनी पक्का हवा. आउटपुटला आडवे बळ आणि कलणारा भार असेल, तर तो क्रॉस रोलर बेअरिंगने (एकाआड एक काटकोनात बसवलेल्या रोलरांच्या बेअरिंगने) पेलावा. फ्लेक्सस्प्लाइनवर तो कधीही सोडू नये.

वंगण कोणते आणि कधी?

उत्पादकाने सांगितलेले ग्रीसच वापरावे, कारण दाते आणि बेअरिंग दोन्हींना ते पुरावे लागते. दुसऱ्या जातीचे ग्रीस त्यात मिसळू नये. सांधा दीर्घकाळ अगदी लहान कोनातच मागे-पुढे होत असेल, तर अधूनमधून त्याला मोठा फेरा द्यावा. त्याने ग्रीस पुन्हा सगळीकडे पसरते.

थ्रीडी प्रिंटरवर असा गिअर करता येतो का?

येतो, आणि रचना समजून घेण्यासाठी याहून चांगला अभ्यास नाही. मोड्यूल १ मिमी, फ्लेक्सस्प्लाइनवर ६० दाते, कड्यावर ६२ दाते, म्हणजे गुणोत्तर ३०, ही सुरुवात सोयीची. १.२ मिमी भिंतीला यात सुमारे ०.२ टक्के विकृती सोसावी लागते आणि पीईटीजी किंवा नायलॉनला ती झेपते. पीएलए सतत वाकलेल्या अवस्थेत राहिल्यास हळूहळू तोच आकार धरून बसतो, म्हणून तो टाळावा. पातळ लवचीक बेअरिंग मिळाले नाही, तर लंबगोलाच्या दोन्ही टोकांना लहान बॉल बेअरिंगे बसवूनही काम भागते. टॉर्कची आणि ताठरपणाची अपेक्षा मात्र माफक ठेवावी. प्लॅस्टिकच्या भिंतीचा पीळ डोळ्यांना दिसण्याइतका असतो.

गिअर खराब होत आल्याची लक्षणे कोणती?

एकाएकी 'टक्' असा आवाज होऊन सांध्याची शून्यस्थिती काही दात्यांनी सरकली असेल, तर दाते एकमेकांवरून उडी मारून गेले आहेत. त्यानंतर गिअर सुरळीत फिरत असला तरी दात्यांची टोके दुखावलेली असतात, म्हणून तो बदलणे योग्य. हळूहळू वाढणारा गुरगुराट आणि भार नसताना मोटरचा वाढता विद्युत प्रवाह ही बेअरिंगची तक्रार असते. ग्रीसमध्ये चमकणारा धातूचा चुरा दिसला तर तिची खात्री पटते. दिशा बदलताना पूर्वी नसलेला मोकळेपणा जाणवू लागला, तर दाते झिजत आहेत. यांपैकी काहीही नसताना सांध्याचा पीळ वाढलेला आढळला, तर फ्लेक्सस्प्लाइनच्या दात्यांच्या बुडाशी आणि तळाच्या वळणाशी तडा शोधावा. मोटर जखडून आउटपुटला दोन्ही दिशांनी ज्ञात वजन लावावे, डायल गेजवर सरकणे मोजावे आणि गिअर नवा असताना घेतलेल्या आकड्यांशी ते ताडून पाहावे. त्यासाठी ते आकडे यंत्र बसवतानाच नोंदवून ठेवलेले असायला हवेत.